खताच्या खड्ड्यात पाणी भरलं, वास सुटला. सासूबाईंच्या उकिरड्यासारखं खत काहून होत नाही? मदत हवी आहे

यवतमाळची_सून

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होती, आज पहिल्यांदा लिहून राहिली, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. चार एकर वावर, सोयाबीन-तूर आणि बांधाच्या बाजूनं थोडी कपाशी. घरी दोन गाई, एक कालवड. बैलजोडी होती ती तीन वर्षांआधी विकली, आता वखरणी-पेरणी सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरनं. मी लग्न होऊन आली तेव्हापासून पाहते, घरामागं सांदवाडीत निंबाखाली सासूबाईंचा उकिरडा असायचा. मृगाच्या आधी तो उकरला की खालून जे खत निघायचं ना, चहापत्तीसारखं काळं, मोकळं, हातात घेतलं तर पहिल्या पावसात मातीचा येतो तसा वास. चार-पाच बंड्या वावरात जायच्या आणि एक टोपलं घरच्या वांग्या-मिरच्यांना.

मागच्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि हे काम माझ्याकडं आलं. मी म्हटलं आता आपण जरा शिस्तीत करू. व्हिडिओ पाहिले, मे महिन्यात मजूर लावून दहा बाय पाच फुटाचा, तीन फूट खोल खड्डा खणून घेतला. त्यात शेण, कोठ्यातलं गुरांनी सोडलेलं कुटार (मळणीचा भुसा), भाजीची देठं, शिळं अन्न, बांधावरचं गाजरगवत, आणि पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) पण अख्ख्याच टाकल्या. दुकानातून कल्चरची (कुजवणाऱ्या जंतूंची) बाटली आणून गुळाच्या पाण्यात कालवून तेही ओतलं. जूनमध्ये पाऊस लागला आणि खड्ड्यात पाणी साचलं ते आजपर्यंत साचलेलंच आहे. वर काळपट साय, मधूनच बुडबुडा फुटतो, वास म्हणाल तर सडक्या अंड्याचा. डास झाले ते वेगळे. शेजारच्या काकू दोनदा सुनावून गेल्या, आता ग्रामपंचायतीत सांगतो म्हणतात, आणि खरं सांगू का, त्यांच्या जागी मी असती तर कधीच सांगितलं असतं.

परवा दाताळं घालून वर ओढून पाहिलं तर पऱ्हाट्या जशाच्या तशा आणि शेणाचे गोळे आतून अजून हिरवे. मे महिन्यातले!

सासूबाईंना विचारलं, आई तुम्ही नेमकं काय करत होत्या, तर म्हणे, "म्या काय करत होती वं, निरं टाकत होती." खोदून विचारलं तर चिडतात, शेणात काय शिकाचं रायते म्हणतात.

तर आता ह्या खड्ड्याचं काय करू, बुजवून टाकू का त्यातलं काही वाचेल, आणि त्या नुसतं टाकत होत्या तरी खत होत होतं, मी एवढं सगळं करून माझं काहून होत नाही, हे कोणी सांगेल का. पोळा पंधरा दिवसांवर आला, घरी पाहुणे येणार आहेत.

बंडीवाला

ताई, कल्चर-बिल्चर सोडा, खड्डा हाच प्रॉब्लेम आहे. जमीन काळी भारी असेल तुमची. मे महिन्यात ती भेगाळलेली असते म्हणून वाटते पाणी मुरून जाईन, पण पाऊस लागला की माती फुगून भेगा बुजतात, मग तो खड्डा नाही राहत, हौद होते. पाण्याखाली हवा जात नाही, आणि हवा नसली की माल कुजत नाही, सडतो. अंड्याचा वास त्याचाच आहे. आमच्याकडं म्हातारे लोकं उन्हाळ्यात खड्डा भरत कारण ओल टिकते, आणि पावसाळ्यात ढीग जमिनीच्या वरच लावत.

आता एक उघाड पाहून सगळं बाहेर काढा. एक-दोन दिवस पसरून निथळू द्या, त्या दोन दिवसांत वास डबल येईल, काकूंना आधीच सांगून ठेवा. मग उंचवट्यावर तुराट्यांचा चांगला जाड थर टाका म्हणजे खालून हवा खेळेल, त्यावर हा माल आणि कोरडं कुटार आलटून पालटून. रुंदी पाच-सहा फूट, उंची चार फुटाच्या वर नको, लांबी जेवढी होईल तेवढी. वरून आकार सोयाबीनच्या गंजीसारखा द्या म्हणजे पाणी घसरून जाते. झड लागली तर ताडपत्री टाका पण उघाड पडली की काढा.

ओल पाहायची असेल तर मूठभर घेऊन घट्ट पिळा. गोळा झाला पाहिजे पण बोटांतून पाणी नाही गळलं पाहिजे. बस एवढंच मीटर आहे.

काळी_कसदार

मी तर म्हणतो कंपोस्टचा नादच सोडा. नैसर्गिक शेतीवाले सुभाष पाळेकर गुरुजी आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, ते काय सांगतात ते ऐका. एकरी २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काडीनं ढवळायचं, झालं जीवामृत. ना खड्डा, ना वास, ना शेजारी.

यवतमाळची_सून

बंडीवाला दादा खूप धन्यवाद, तुम्ही म्हणता ते एकदम पटलं, जमीन काळीच आहे आणि जागा पण मी उताराच्या खालच्या बाजूला निवडली होती, न्हाणीचं पाणी तिकडंच जाते. आता लिहिताना लक्षात येऊन राहिलं.

काळी कसदार दादा, जीवामृत आम्ही पण करतो कधी कधी, पण दहा किलो शेण म्हणजे माझ्या एका गाईचं एका दिवसाचं झालं. बाकी महिनाभराचं शेण डोक्यावर घेऊन फिरू का? 😅

कापूसकोंड्या

😂😂 बरोबर आहे ताईंचं. शेण तर रोज पडणारच.

कृषी पदविका केली आहे म्हणून दोन शब्द जास्तीचे. कुजवणाऱ्या जंतूंना कर्ब आणि नत्र दोन्ही लागतात, साधारण २५-३० भाग कर्बाला १ भाग नत्र असलं की काम जोरात चालते. काडी-कुटार-पऱ्हाटी म्हणजे कर्ब, शेण-मूत्र-हिरवा पाला म्हणजे नत्र. अमोनियाचा वास, मुतारीसारखा डोळ्याला झोंबणारा, आला तर नत्र जास्त झालं, कोरडी काडी घाला. ढीग थंड पडून राहिला तर शेणकाला शिंपडा. जमलं तर तीन-चार दिवसांत ढिगाच्या पोटात ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापते, त्यात तणाचं बी आणि बरेच रोगजंतू मरतात. बाजूचा माल गारच राहतो म्हणून पलटी मारायची, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर, १५ दिवसांनी एक, महिन्यानं दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी.

ही १५-३०-६० वाली पद्धत इंदूर पद्धत म्हणून शिकवतात. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इंदूरला होते, सोबत यशवंत वाड. तिकडची जमीन आपल्यासारखीच काळी, पीक पण कापूस-तूर, म्हणजे प्रश्न तोच होता की ह्या कडक पऱ्हाट्यांचं करायचं काय. तर ते पऱ्हाट्या-तुराट्या शेताच्या रस्त्यावर अंथरून ठेवत, येणाऱ्या-जाणाऱ्या बंड्यांच्या चाकाखाली चुरल्या गेल्या की मग ढिगात घालत. तुम्ही अख्ख्या टाकल्या, त्या पुढच्या पोळ्यापर्यंत पण तशाच राहतील. ट्रॅक्टर येतो ना भाड्याचा, त्याच्या वाटेवर टाका दोन-चार दिवस.

आणि गाजरगवत फुलावर येण्याआधीचंच टाका. फुललेलं टाकलं आणि ढीग नीट तापला नाही तर आपण खताच्या नावाखाली वावरात गाजरगवत पेरतो.

निंबाखाली

बाई, मी वर्ध्याकडची, माझं वय साठच्या वर, मुलानं मोबाईल दिला तेव्हापासून हे वाचते. सगळ्यांनी बरोबर सांगितलं पण तुझा दुसरा प्रश्न राहूनच गेला. सासू म्हणते निरं टाकत होती. खरंच आहे तिचं. काय काय टाकत होती ते तिलाही कधी मोजावं लागलं नाही. म्हणून "काय करत होत्या" असं नको विचारू, सांगते तसं विचार.

कोठ्याची जमीन तेव्हा मातीची होती का? घर सारवायचे का? चूल किती वेळ पेटायची? कोंबड्या होत्या का? बैलांखाली रात्री काय टाकायचे? हे एकेक विचार आणि मग इथं लिही.

यवतमाळची_सून

मावशी, तुम्ही तर डोळे उघडले. रात्री जेवण झाल्यावर सासूबाईंच्या गुडघ्याला तेल लावता लावता एकेक विचारलं, अर्धा तास बोलल्या, मला वाटते लग्नानंतर पहिल्यांदा एवढ्या बोलल्या असतील.

कोठा मातीचा होता. बैलांखाली रोज संध्याकाळी दोन टोपले तुरीचं नाहीतर सोयाबीनचं कुटार अंथरायचे, रात्रभर त्याच्यावर मूत, सकाळी ते शेणासगट उकिरड्यावर. उन्हाळ्यात कोठ्याची वरची चारेक बोटं माती खरवडून काढायच्या, ती पण उकिरड्यावर, आणि कोठ्यात तलावाची नवी माती भरायच्या. घर मातीचं, आठवड्याला सारवण, त्याचे पोपडे-धूळ, अंगणाची झाडलोट, सगळी मातीच. चूल दिवसातून दोनदा, राख भांड्याला लागेल तेवढी ठेवून उरलेली तिकडंच. कोंबड्या दहा-बारा, दिवसभर उकिरडा उकरत. आणि खरकटं कधीच नाही टाकलं म्हणे, "खरकटं ढोराईले जात होतं, उकिरड्यावर कायले जाईन?"

आता माझं पाहा. कोठ्यात सिमेंटचा कोबा, मूत सरळ नालीत. घरात टाईल. गॅस, चूल फक्त अंघोळीच्या पाण्याला. बैल नाहीत, कोंबड्या मेल्या एका रोगात मग आणल्याच नाहीत. झाडलोटीत माती कमी आणि गुटख्याच्या पुड्या, शॅम्पूचे पाऊच जास्त, ते पण वेचल्याशिवाय गेले खड्ड्यात. म्हणजे त्यांचं निरं टाकणं आणि माझं निरं टाकणं एकच नव्हतं.

कापूसकोंड्या

ताई अंगावर काटा आला वाचून. इंदूरच्या पद्धतीत घटक कोणते होते माहिती आहे का? पिकांचा काडीकचरा, शेण, लाकडाची राख आणि गुरांखालची मूत मुरलेली माती! कोठ्याची मातीची जमीन खरवडून तीच वापरत आणि तिथं नवी माती भरत. तुमच्या सासूबाईंनी हॉवर्ड साहेबांचं नावही ऐकलं नसेल, आणि साहेब तरी कोणाकडून शिकले, आपल्याच शेतकऱ्यांकडं पाहून ना.

गुरांच्या मलमूत्रातलं पालाश (पोटॅश) बहुतेक सगळं मूत्रात असते, नत्राचाही मोठा वाटा तिथंच, शेणात जास्त करून स्फुरद (फॉस्फरस). कोबा केला की तो माल नालीत गेला. कोबा फोडायची गरज नाही, उतार एका कोपऱ्याकडं असेल तर तिथं बादली नाहीतर छोटं टाकं करा आणि ते मूत्र पाण्यात मिसळून ढिगावर शिंपडा. नाहीतर सासूबाईंसारखं कुटार अंथरा, कोब्यावर तर ते जास्त लागेल.

पुसदकर

माती शब्द आला म्हणून बोलतो. नाडेप टाकं ऐकलं असेल, ते नाव आमच्या पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांच्या नावावरूनच पडलं, नाडेप काका म्हणायचे लोकं. विटांचं टाकं, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोकं. त्यात काडीकचरा १४०० ते १५०० किलो, शेण फक्त ९० ते १०० किलो, आणि चाळलेली कोरडी माती किती, तर १७५० किलो! लोकं ऐकून हसतात की हे खताचं टाकं का मातीचं. पण ती मातीच ओल धरते, वायू उडू देत नाही आणि जंतू पण तिच्यातूनच येतात. सहा इंच कचरा, त्यावर चार-पाच किलो शेणाचा काला, त्यावर पन्नास-साठ किलो माती, असे थर. वर दीड फूट शीग लावून शेणमातीनं लिंपायचं. पंधरा-वीस दिवसांनी माल खाली बसतो, परत भरून परत लिंपायचं, भेगा पडल्या की शेणकाल्यानं बुजवायच्या. ९० ते १२० दिवसांत तीनेक टन खत निघते.

दोन गाईवाल्याला हे बरं पडते कारण शेण कमी लागते. विटा महाग वाटत असतील तर बांबूच्या नाहीतर तुराटीच्या तट्ट्याचं पण करतात, दोन वर्षं टिकते.

बंडीवाला

राखेबद्दल सांभाळून बरं का ताई. राख जास्त झाली की ताज्या शेण-मूत्रातलं नत्र उडून जाते, झोंबणारा वास येते तो त्याचाच. थरावर भुरभुरवायची, टोपलं नाही उपडं करायचं.

निंबाखाली

आम्ही तर टोपलंच उपडं करत होतो बाप्पा, काही बिघडलं नाही.

बंडीवाला

मावशी तुमच्याकडं तेव्हा ढोरं किती होती?

निंबाखाली

अठरा 😀

बंडीवाला

मग चालते!

यवतमाळची_सून

(दीड महिन्यानं लिहून राहिली, माफ करा, मध्ये पोळा, महालक्ष्म्या, पाहुणे.)

खड्डा रिकामा केला. दोन मजूर सांगितले होते, एक जण वास घेऊन परत गेला, मग मी आणि आमचे हे दोघांनी केलं. शेजारच्या काकूंना आधीच जाऊन सांगितलं, मोसंबी पण नेल्या, तर दोन दिवस त्यांनी खिडक्या लावून घेतल्या पण बोलल्या काही नाही. निथळलेला माल निंबाखाली जुन्याच जागी वर ढीग करून लावला, मध्ये मध्ये कोरडं कुटार आणि बांधावरची चाळलेली माती, पुसदकर दादांच्या हिशोबानं नाही पण बरीच टाकली. पऱ्हाट्या वेचून ट्रॅक्टरच्या वाटेवर टाकल्या. प्लास्टिक निघालं एक पोतं भरून, लाज वाटली.

चौथ्या दिवशी सब्बल खुपसून दहा मिनिटं ठेवली आणि बाहेर काढून टोकाला हात लावला तर चटकाच बसला! ओरडलीच मी. आमच्या ह्यांना वाटलं साप निघाला. सासूबाई ओसरीतून म्हणे, "तापला असन." त्यांना माहीतच होतं.

पहिल्या पलटीला मध्यभागी पांढरं-पांढरं राखेसारखं कोरडं निघालं, ते काय आहे? बाकी वास पूर्ण गेला.

कापूसकोंड्या

ढीग जास्त तापून आत सुकला. थोडी पांढरी बुरशी चांगलीच असते, पण राखेसारखं कोरडं म्हणजे पाणी कमी पडलं. पलटी मारताना प्रत्येक थरावर पाणी शिंपडा, जमलं तर मूत्राचं. पाऊस ओसरल्यावर हे जास्त होते.

यवतमाळची_सून

दिवाळीनंतरचा अपडेट. तीन पलट्या झाल्या. ढीग निम्म्यावर बसला, रंग आला काळा. नरकचतुर्दशीला सासूबाई काठी टेकत स्वतः गेल्या आणि उकिरड्यावर दिवा लावला, मागच्या दोन वर्षी आम्ही विसरलो होतो. लेकीनं विचारलं कचऱ्यावर दिवा कशाला, तर म्हणे, "उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, त्याचं तीनच वर्षांत फिटलं." मग वाकून मूठभर घेतलं, चोळलं, हुंगलं आणि खाली टाकून दिलं. "अजून कच्चं हाय. उन्हाळ्यापर्यंत राहू दे." एवढंच.

आता नवीन भानगड. काल उकरलं तर पांढऱ्या जाड अळ्या निघाल्या, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या, अंगठ्याएवढ्या. ही पिकाची मुळं खाणारी उन्नी तर नाही ना? आमच्या भागात हिच्यामुळं मागं कोणाचं तरी अर्धं वावर गेलं होतं, असलं खत वावरात टाकायची भीतीच वाटून राहिली.

कापूसकोंड्या

उन्नी म्हणजे हुमणी कच्च्या शेणखतात येते हे खरं, म्हणून तर पूर्ण कुजलेलंच टाका म्हणतात. पण सगळ्याच पांढऱ्या अळ्या हुमणी नसतात. एक सोपी टेस्ट आहे, अळी गुळगुळीत फरशीवर ठेवा आणि कशी चालते ते पाहा. उताणी होऊन पाठीवर सरकत गेली तर ती फुलभुंग्याची, ती कुजलेलंच खाते, उलट खत बारीक करते. पाय टेकून नाहीतर कुशीवर पडून सरकायला पाहत असेल तर वेचून काढलेली बरी.

यवतमाळची_सून

पाच ठेवल्या ओसरीच्या टाईलवर, लेक मोबाईल घेऊन व्हिडिओ काढत होती. चार उताण्या झाल्या, पाय वर हवेत आणि पाठीवरच पळाल्या, कशा पळतात विश्वास बसणार नाही. पाचवी जागेवरच कुशीवर वळवळत राहिली, ती बाजूला काढली, आणि आज पूर्ण ढीग चाळून तशा अकरा निघाल्या, पाठीवर चालणाऱ्या परत टाकल्या.

सासूबाईंना दाखवलं तर म्हणे हे तं दरसाल रायते, कोंबड्या वेचून खात होत्या.

तर आता शेवटची मदत हवी आहे, दारव्हा-दिग्रस बाजूला कोणाकडं गावरान कोंबड्या असतील तर सांगा, पाच-सहा पाहिजेत. शेजारच्या काकूंना विचारूनच आणीन, त्यांची मेथी कुंपणाला लागूनच आहे.